इंचभर मासा आणि त्याचा अभ्यासक

मालवणच्या किनाऱ्यावर रापण ओढली जाऊं लागली कीं बघ्यांची दृष्टि बांगडे, पेडवे आणि सुरमई यांवर खिळते. ज्या मासळीला बाजारांत भाव नाहीं, तिची दखल सहसा कोणी घेत नाहीं. कर्ली नदी देवबागपाशीं समुद्रास मिळते. असल्या निमखाऱ्या खाड्यांच्या आश्रयानें, कच्छच्या आखातापासून थेट त्रिवेंद्रमपर्यंतच्या किनारपट्टींत, एक जेमतेम इंचभर लांबीचा, कांचेसारखा पारदर्शक मासा राहतो. रापणीच्या आसांतून तो सहज निसटावा. शास्त्रज्ञांच्या नजरेंतूनही तो दीर्घकाळ निसटलाच होता.

१९४० सालीं मुंबईच्या मत्स्यव्यवसाय खात्यांतील संशोधक सी. व्ही. कुलकर्णी यांनीं त्याच्यावर विस्तृत निबंध प्रसिद्ध केला. माशाचें नांव त्यांनीं 'होराइक्थिस सेटनाय' असें ठेविलें. त्यांत प्राणिशास्त्रज्ञ सुंदरलाल होरा आणि मुंबईचे मत्स्यशास्त्रज्ञ एस. बी. सेटना या दोघांचा गौरव आहे. परंतु नामकरणावर कुलकर्णी थांबले नाहींत. माशाची शरीररचना, त्याच्या संवयी आणि अंड्यापासून पिलापर्यंतची वाढ त्यांनीं बारकाईनें तपासली. बहुतेक माशांत मादी पाण्यांत अंडीं सोडते आणि त्यांवर नर शुक्र सोडतो. येथें प्रकार निराळा आढळला. नराच्या गुदपक्षाचे पुढील कांटे रूपांतर पावून त्यांचें एक साधन बनलेलें असतें. त्याच्या योगानें शुक्राची बांधीव पुडी मादीच्या अंगास चिकटविली जाते. मादी नंतर जीं अंडीं घालते, तीं आधींच फलित झालेलीं असतात. हें वैचित्र्य पाहून कुलकर्णी यांनीं या माशासाठीं स्वतंत्र कुलच स्थापिलें.

याचे भाईबंद पूर्वेकडे पुष्कळ. जपानच्या भातखाचरांतील 'मेदाका' हा त्यांपैकीं एक. कांहीं रंगगुण पित्याकडून पुत्राकडेच जातात, हें आयदा यांनीं १९२१ सालीं याच माशावरून दाखविलें आणि मेदाका आनुवंशिकताशास्त्राच्या इतिहासांत जाऊन बसला. २००८ सालीं अमेरिकन विदुषी लिन पॅरेंटी यांनीं शरीररचनेच्या आधारें कोंकणचा मासाही मेदाकाच्याच 'ओरायझियास' प्रजातींत घातला. कुलकर्णींचें स्वतंत्र कुल गेलें, प्रजातीचें नांवही गेलें. राहिलें तें 'सेटनाय' एवढेंच.

परंतु कथा येथें संपत नाहीं. २०२१ सालीं जपानी संशोधक यामाहिरा व त्यांचे सहकारी यांनीं या माशांचीं आनुवंशिक द्रव्यें ताडून पाहिलीं. आपला इंचभर मासा या साऱ्या गोतापासून सुमारें ७.४ कोटी वर्षांपूर्वींच फुटून निघाला होता, असें त्यांना आढळलें. तेव्हां भारतभूमि आशियापासून तुटलेली, समुद्रांत एकाकी सरकत होती. सह्याद्रीचा काळा पाषाण ज्या लाव्ह्यानें घडला, त्याचे मुख्य उद्रेकही व्हावयाचे होते. कुलकर्णींनीं दिलेलें नांव टिकलें नाहीं. परंतु हा मासा आपल्या गोतांत निराळा आहे, ही त्यांची पारख खरी ठरली.

पुढें १९५० सालीं कुलकर्णींनीं नर्मदेंतील पाला ऊर्फ हिलसा माशाच्या प्रजोत्पत्तीवर निबंध लिहिला. १९७० नंतर लोणावळ्यास टाटांच्या वीज कंपन्यांच्या मत्स्यकेंद्रांत त्यांनीं महासीर माशाचीं अंडीं कृत्रिम रीतीनें फलित करून पिलें वाढविण्याचें काम केलें. नामशेष होत चाललेल्या माशास वांचविणें हा हेतु निर्मळ होता. येथील पिलें इतर प्रांतांत गेलीं आणि कावेरींतही सोडण्यांत आलीं. कावेरींत मात्र वशिंडाचा एक निराळा महासीर पूर्वापार नांदत होता. त्याचें शास्त्रीय नांव निश्चित झालें २०१८ सालीं; आणि त्याच वर्षीं तो अतिसंकटग्रस्त ठरला. धरणें आणि सुरुंगाची मासेमारी यांच्या जोडीला बाहेरून आणून सोडलेल्या महासिरांचाही त्याच्या ऱ्हासांत वाटा असल्याचें अभ्यासकांनीं सांगितलें. आनुवंशिक द्रव्य तपासण्याचीं आजचीं साधनें त्या काळीं उपलब्ध नव्हतीं. तेव्हां दोष देण्याचें कारण नाहीं. बोध मात्र घ्यावयास हवा.

जो जीव वाढवावयाचा, त्याची आणि त्याच्या शेजाऱ्याची ओळख आधीं पटली पाहिजे. तरुण कुलकर्णींनीं ज्याला बाजारांत कवडीची किंमत नाहीं अशा माशापुढें बसून ती ओळख करून घेतली होती. खाडी बुजवितांना किंवा नदींत परकें बीज सोडतांना तेवढा धीर आपण धरला, तर पुढच्या पिढीला ओळखण्यासाठीं कांहीं शिल्लक राहील.