चिंच पाडायची किंमत



वस्तीवरची चिंच पाडायची आहे. गेल्या पावसाळ्यात एक जाड फांदी रात्री गोठ्यावर आली, पत्रे वाकले. गाय त्या दिवशी बाहेर बांधलेली होती म्हणून वाचली. सकाळी वर चढून बघितलं तर बुंधा आतून अर्धा पोकळ. एका बाजूला चुलत्यांचं घर, दुसऱ्या बाजूला विजेची तार. सरळ पाडायला जागाच नाही.

तीन ठिकाणी भाव काढला. जवळच्या तांड्यावरचा चढणारा गडी म्हणाला, 6,000 उक्तं, एक दोर आणि एक जोडीदार, लाकूड तुमचं. वखारवाला म्हणाला, 9,000 द्या आणि लाकूड मी नेतो. शहरातून आलेल्याने हायड्रा, कटर आणि पाच माणसं धरून 28,000 सांगितले.

वडील बाजेवर बसून हे ऐकत होते. वय अठ्ठ्याहत्तर. म्हणाले, "झाडबी आपलं, लाकूडबी तोच नेणार, अन् पैसे आपणच द्यायचे? आमच्या टायमाला तोडणारा पैसे देऊन जायचा."

तेव्हा हसलो. मग रात्री आजोबांची वही काढली. दुष्काळ संपल्यानंतर, 1974 च्या उन्हाळ्यातली नोंद आहे: बांधावरच्या सात बाभळी, वखारीला, 420 रुपये रोख, फांद्या घरी. खाली बारीक अक्षरात, "डहाळ्या शेळ्यांना". तोडणी, ओढणी, गाडीभाडं सगळं वखारवाल्याचं. वडिलांचं खरं होतं. झाड तोडायची किंमत तेव्हाही होती, फक्त ती उलट्या बाजूने चालायची.

आणि ही रीत आजोबांच्याही फार आधीची. तुम्ही व्हॉट्सॲपवर शिवाजी महाराजांच्या नावाने फिरणारा झाडांबद्दलचा मजकूर वाचला असेल. तो मुळात रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रातला आहे, अठराव्या शतकाच्या सुरुवातीचा, कोल्हापूरच्या गादीसाठी लिहिलेला. विषय आरमाराच्या लाकडाचा आहे. आंबा, फणस ही झाडं जहाजाच्या कामाची असली तरी त्यांना हात लावू नये, कारण रयतेने ती लेकरासारखी वाढवलेली असतात, हे सगळे सांगतात. पुढचा भाग कमी सांगितला जातो. एखादं झाड जीर्ण होऊन कामातून गेलं असेल तर मालकाला राजी करून, पैसे देऊन, त्याचं समाधान करून मगच तोडावं, जबरदस्ती करू नये. म्हणजे जीर्ण झाडाचेसुद्धा पैसे मालकाला! आमचा मुलूख पुढे निजामाचा झाला, अमात्यांचा हुकूम इथे चालला नसेल. पण हिशोब तोच होता. लाकूड ज्याला हवं तो मोजायचा.

गावात तर रोख मोजायचीही गरज पडत नसे. औताला लाकूड लागलं की सुतार बांधावर यायचा, बाभळी निरखायचा, एकीवर बोट ठेवायचा. अंधाऱ्या पाखात तोडलेल्या लाकडाला कीड लागत नाही, असं वडील अजून सांगतात. ओंडका महिनोन् महिने पाण्यात भिजत पडायचा. त्यातून नांगर, वखर, तिफण, जू निघायचं. सुताराची मजुरी खळ्यावर, बलुत्यात. राहिलेलं चुलीत. चिंचेचं लाकूड वेगळ्या कामाचं, उखळाला, तेलाच्या घाण्याला, खाटकाच्या ओंडक्याला. झाडातला कुठलाच तुकडा 'न्यायचं कुठं' म्हणून पडून राहत नसे.

हे एका दिवसात संपलं नाही. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी बेळगावला लोखंडी नांगर केला तो विसाव्या शतकाच्या अगदी सुरुवातीला, 1910 मध्ये किर्लोस्करवाडी वसली. तरी आमच्या घरी लाकडी वखर आणि तिफण माझ्या लहानपणापर्यंत होती. ट्रॅक्टर आला, बैलगाडीला रबरी टायर आले, सुताराची मुलं फॅब्रिकेशनच्या कामाला गेली. मग गॅस. 2016 ला उज्ज्वला योजना सुरू झाल्यावर तर सरपणाची राहिलेली ओढही कमी झाली. आमच्याकडे चूल अजून पेटते, पण अंघोळीच्या पाण्यापुरती. बाभळीला औत नाही, चिंचेला घाणा नाही. राहिली वीटभट्टी, आणि भट्टीवाला लाकडाला सरपणाचाच भाव देतो.

मधला एक टप्पा मी स्वतः भोगलाय. 2012-13 चा दुष्काळ. जायकवाडीचं पाणी मृतसाठ्याच्या खाली गेलं होतं. पैठण तालुका काय आणि जालना जिल्हा काय, मोसंबीच्या बागा उभ्या वाळल्या. आमची तीनशे झाडं होती. जानेवारीपर्यंत टँकरने पाणी घातलं, मग हात टेकले. मे महिन्यात जेसीबी बोलावला, तासाला आठशे रुपये. पंजा बुडाशी घालायचा, उचलायचा, झाड आडवं. सहा तासांत बाग साफ. दहा वर्षांचं एक झाड उपटायला मिनिटभर लागत होतं, आणि वडील बांधावर उभे राहून मोजत होते. दीडशेपर्यंत मोजले आणि घरी गेले. जेसीबीचे 4,800 झाले. भट्टीवाल्याने सगळ्या लाकडाचे 5,000 दिले. हातात दोनशे रुपये राहिले. वहीतल्या 420 आणि आजच्या उण्या 9,000 च्या मधोमध हा आकडा बसतो, म्हणून सांगितला.

आता चिंचेकडे येतो.

चिंच सरळ तोडताही येत नाही, हे आधी लक्षात घ्या. 1966 च्या जमीन महसूल संहितेच्या कलम 25 प्रमाणे आपल्या जमिनीतली झाडं आपली आहेत. पण त्याच्या दोन वर्षं आधी, 1964 मध्ये, झाडं तोडण्याचं नियमन करणारा राज्याचा कायदा आलेला आहे. त्याच्या यादीत साग, चंदन, खैर, आंबा, जांभूळ, मोह यांच्याबरोबर चिंच आहे. बाभूळ नाही. म्हणजे झाड आपलं, पण पाडायला वृक्ष अधिकाऱ्याची परवानगी. झाड जिवाला किंवा घराला धोक्याचं असेल तर ते कारण कायद्यातच धरलेलं आहे, म्हणून अर्जाला गोठ्याचे आणि पोकळ बुंध्याचे फोटो जोडा. दंड अनेक वर्षं एक हजारापर्यंतच होता. 7 ऑगस्ट 2024 ला मंत्रिमंडळाने तो पन्नास हजार करायचा निर्णय घेतला, त्यावर बरीच ओरड झाली. दंडाचं काहीही असो, अर्ज करा. माझा अर्ज दिलेला आहे.

गंमत म्हणजे जमीन सरकारला जाते तेव्हा हेच झाड पुन्हा किमतीचं होतं. 2013 च्या भूसंपादन कायद्यात कलम 29 आहे, झाडांचं मूल्य जाणकारांकडून वेगळं ठरवून घ्यायचं. बांधावर उभी असताना चिंच खर्चाची, संपादनाच्या यादीत चढली की उत्पन्नाची.

आणि आमच्याकडे संपादन हा काही पुस्तकातला शब्द नाही. बिडकीनची औद्योगिक वसाहत 7,855 एकरांची, 29 सप्टेंबर 2024 ला पंतप्रधानांनी तिचं लोकार्पण केलं. तिचा झाडतोडीच्या भावाशी काय संबंध, असं वाटेल. आहे. हायड्रा आता भाड्याने गावातच मिळतो, हा एक. दुसरा मोठा. चढणारी माणसं संपत आली. ज्या पोरांचे बाप झाडावर चढायचे ती पोरं आता कंपनीच्या गेटवर रोजंदारीला उभी असतात. बरोबर करतात.

कटरनं तोडणं सोपं केलं. जर्मनीत आंद्रेआस श्टीलने 1926 ला विजेवरची आणि 1929 ला पेट्रोलवरची झाडतोड करवत बनवली. आमच्या शिवारात ती यायला पुढची साठ-सत्तर वर्षं गेली, पण आली आणि दोन दिवसांचं काम दोन तासांवर आलं. चढणं मात्र तसंच राहिलं. पायाची बोटं, दोर आणि फांदीवरचा भरवसा. उलट पूर्वी हातात कुऱ्हाड असायची, आता चालू कटर असतो.

म्हणून त्या 6,000 च्या भावाकडे परत बघितलं. तो स्वस्त का आहे? गड्याला विचारलं, पट्टा आहे का? हेल्मेट? तो म्हणाला, "मालक, पट्टा बांधला तर हलता येत न्हाई." विमा विचारला तर नुसता हसला. गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात योजनेत उंचावरून पडून मृत्यू झाला तर 2 लाख मिळतात, पण खातेदार शेतकऱ्याला आणि त्याच्या घरातल्या एकाला. मी चढून पडलो तर माझ्या घरच्यांना मिळतील. तो पडला तर त्याच्या नावावर सातबाराच नाही.

वखारवाल्यालाही विचारलं, वर कोण चढणार? तर तोच गडी! म्हणजे 9,000 मधले त्याला किती, ते वखारवाल्यालाच माहीत.

शेवटी जमवलं ते असं. हायड्रा गावातला, अर्ध्या दिवसाचा. गडी तोच, पण हायड्राच्या हुकाला बांधलेल्या दुसऱ्या दोरावर, पट्ट्यासकट. पट्टा कंपनीत काम करणाऱ्या पुतण्याने आणून दिला. तार बंद करून घेतल्याशिवाय कोणी वर जायचं नाही. शेंड्याकडून तुकडे करत खाली यायचं. एकूण 17,500, त्यातले 8,000 थेट गड्याच्या हातात. वडिलांना आकडा सांगितला. ते बराच वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले, "बुडखा देऊ नको कुणाला. उखळ करू." करणार कोण, हे मी विचारलं नाही.

परवानगी आली की दिवस ठरवतो. तोवर गाय दुसरीकडे बांधली आहे, आणि चिंचा झोडून घेतल्यात. यंदाचा सौदा 3,200 ला गेला.