लहान संगणकाची खरेदी : एक पूर्वपीठिका

मुंबईत ग्रँट रोड स्थानकाच्या पूर्वेस उतरल्यावर जो रस्ता लागतो, त्याचे सरकारदप्तरी नाव डॉ. भडकमकर मार्ग असे असले, तरी १९०३ ते १९०७ या काळात मुंबई इलाख्याचे गव्हर्नर असलेल्या लॉर्ड लॅमिंग्टन यांना लोकांच्या जिभेवरून उठवणे अद्यापि कोणास साधलेले नाही. आणि १९८४ च्या संगणक-धोरणाने आयातीचे निर्बंध सैल केल्यावर, विशेषतः १९९१ नंतर, ज्या बाजारांतून मध्यमवर्गीय गृहस्थाने आपला पहिला संगणक घरी आणला, त्यांत अग्रपूजेचा मान या लॅमिंग्टन रोडलाच द्यावा लागेल. तयार संगणक तेथे मिळत नसे असे नाही, परंतु तो घेणे हे ऐपतीपेक्षा भोळेपणाचे लक्षण समजले जाई. काउंटरमागचा माणूस पाठकोऱ्या कागदावर एकाखाली एक जिन्नस लिही : प्रोसेसर, मदरबोर्ड, रॅम, हार्डडिस्क, एसएमपीएससह कॅबिनेट, मॉनिटर, प्रत्येकासमोर दर मांडी, आणि बेरीज झाल्यावर गिऱ्हाइकाचा चेहरा पाहून एखादा आकडा खोडून नवा लिही. पक्के बिल हवे की कच्चे, हा प्रश्न तेवढा हलक्या आवाजात विचारला जाई.

या साऱ्या व्यवहाराचा आधार म्हणजे ते पत्र्याचे अवजड आणि आतून बहुतांशी रिकामे कॅबिनेट. त्यातली पोकळी निरुपयोगी भासे, पण वस्तुतः ती गिऱ्हाइकाला मिळालेली मुदत होती. कारण आज परवडेल तेवढीच रॅम घ्यावी, दिवाळीच्या बोनसवर आणखी एक पट्टी खोचावी, मुलगा अभियांत्रिकीला गेला की ग्राफिक्स कार्ड बसवावे, अशी हप्त्याहप्त्याने पुरी होणारी खरेदी त्या पोकळीमुळेच शक्य होती. मे महिन्यात एका बाजूचा पत्रा काढून ठेवून आतल्या भागांवर टेबलफॅनचा झोत सोडलेला संगणक ज्याने पाहिला नाही, त्याने त्या दशकातील मराठी घर पाहिले नाही असे मी खुशाल म्हणेन.

लहान संगणकाची परंपरा याच्या नेमकी उलट वाटेने आली. पोकळ कॅबिनेटच्या परंपरेतील १९८१ च्या आयबीएम पीसीत कार्डे खोचण्यासाठी पाच जागा होत्या. उलटपक्षी, २४ जानेवारी १९८४ रोजी प्रकट झालेल्या ॲपलच्या मॅकिंटॉशमध्ये नऊ इंची पडदा आणि यंत्र एकाच पेटीत बसवलेले असून, १२८ केबी स्मृती पक्की डाखलेली, आणि ती पेटी उघडावी तर लांब दांड्याचा टॉर्क्स स्क्रूड्रायव्हर हाताशी हवा. मालकाने आत हात घालू नये, ही त्यामागची स्टीव्ह जॉब्झ यांची तजवीज होती. याच वृत्तीचे अपत्य म्हणजे २००० सालचा जी४ क्यूब : सुमारे आठ इंची, पंख्याविना चालणारा, पारदर्शक ॲक्रिलिकच्या वेष्टनात जणू अधांतरी, आणि किंमत १,७९९ डॉलर; त्याच घराण्यातला, आत भर घालता येणारा उभा संगणक त्याहून स्वस्त असल्याने लोकांनी क्यूबची स्तुती केली आणि खरेदी दुसऱ्याची केली. वर्षभरात, जुलै २००१ मध्ये, त्याचे उत्पादन तहकूब झाले.

जॉब्झ यांनी मग किमतीचे गणित उलटे मांडले. जानेवारी २००५ मधील मॅक मिनी साडेसहा इंच चौरस, दोन इंच उंच आणि ४९९ डॉलरचा होता. पडदा, कळफलक व माऊस ज्याचे त्याने आणावे. त्याला बाहेरून एकही स्क्रू नव्हता. रंगारी लांबी भरण्यासाठी वापरतात तसली पातळ पत्ती तळाच्या फटीत सारून, आतल्या खाचा एकेक सोडवत, काळीज हातात धरून ती पेटी उघडावी लागे. २०१० मध्ये तळाला अंगठ्यांनी फिरवून काढता येणारे गोल झाकण आले आणि रॅम बदलणे दोन मिनिटांचे काम झाले. २०१४ मध्ये स्मृती पुन्हा डाखली गेली. २०१८ मध्ये ती सुटी झाली, पण बरेच काही उसकल्यावरच हाती लागेल अशी. आणि २०२० पासून ती प्रोसेसरच्याच वेष्टनात जाऊन बसली. औदार्य आणि कृपणता यांचा असा लपंडाव एकाच वस्तूच्या इतिहासात क्वचितच आढळेल.

दुसरी शाखा कमी डौलदार, पण अधिक सोशिक. तैवानच्या व्हिया कंपनीने २००१ मध्ये सतरा सेंटिमीटर चौरसाचा मदरबोर्ड पुढे आणला. इंटेलने २०१२ च्या सुमारास चार इंची बोर्डाचा एनयूसी हा लहान संगणक काढला आणि जुलै २०२३ मध्ये त्यातून अंग काढून तो आसुसकडे सोपवला. दरम्यान लेनोवो, डेल व एचपी यांच्या अदमासे एक लिटर आकारमानाच्या पेट्या कचेऱ्यांतील मॉनिटरांच्या पाठीमागे मुकाट्याने जाऊन बसल्या. आपल्या सरकारने या जातीची दखल घेतली ती ३ ऑगस्ट २०२३ च्या अधिसूचनेत. लॅपटॉप, टॅब्लेट इत्यादींच्या जोडीने 'अल्ट्रा स्मॉल फॉर्म फॅक्टर' संगणकांच्या आयातीस परवाना आवश्यक केला गेला. दुसऱ्याच दिवशी त्या हुकमाला ऑक्टोबरअखेरपर्यंत मुदतवाढ मिळाली, आणि पुढे परवान्याच्या जागी आयातीची नोंद करून अधिकारपत्र घेण्याची सौम्य पद्धत आली. ऑनलाइन मागवलेला एखादा नग प्रारंभापासूनच या कलमातून वगळलेला होता, त्यामुळे घरगुती गिऱ्हाइकाची झोप फारशी उडाली नाही.

तेव्हा आज लहान संगणक घ्यावा की नाही, हा प्रश्न मला जागेचा वाटत नाही. कागदाच्या चिटोऱ्यावर पाच-सात वर्षे लांबवता येणारा निर्णय एका बैठकीत उरकण्याची तयारी आहे काय, असा तो आहे. २०२४ चा मॅक मिनी पाच इंची असून भारतात ५९,९०० रुपयांस आला, मूळची स्मृती १६ जीबी. साठवण २५६ जीबीवरून ५१२ केली की किंमत तेव्हा ७९,९०० होई. साठवण बाहेरून जोडता येते, स्मृती येत नाही. ज्याचे काम पत्रव्यवहार, हिशेब आणि मराठी मजकूर यांपुरते आहे आणि ज्याच्या घरी मॉनिटर पडून आहे, त्याने कचेरीतून निवृत्त झालेली एक लिटरची पेटी बघावी. मात्र पैसे देण्यापूर्वी झाकण उघडायला लावून रॅमच्या दोन्ही खाचा आपल्या डोळ्यांनी पाहाव्यात. ज्याला व्हिडिओ संपादित करायचे आहेत, त्याने मिनी घ्यावा, पहिल्याच दिवशी २४ जीबी स्मृती मागावी, आणि साठवणुकीचे जादा पैसे दुकानदाराला न देता त्याहून पुष्कळ कमी पैशांत बाहेरची एसएसडी जोडावी.