रुमालात बांधलेली पुस्तकं

चकलांब्याच्या आमच्या घरात अब्बांची एक पत्र्याची पेटी आहे. अब्बा शिवणकाम करायचे. त्यामुळे पेटीत कात्री, टेप, गुंड्या असतील असं कुणालाही वाटेल. पण आत आहेत कागद. शिलाई मशीनचं पुस्तक, रेडिओचं पुस्तक, रेडिओच्या लायसन्सचं बुक, स्टोव्हबरोबर आलेला घडीचा कागद, कुकरसोबतची पाककृतींची पुस्तिका. पुढे मी त्यात टेपरेकॉर्डर, मिक्सर, टीव्ही, इन्व्हर्टर यांची भर घातली. आमच्याकडे या सगळ्यांना एकच नाव आहे, 'कंपनीचं पुस्तक'.

प्रत्येक वस्तूचे कागद अब्बांनी उरल्यासुरल्या कापडाच्या चौकोनी तुकड्यात गुंडाळून वरून दोऱ्यानं बांधले होते. मशीनचे निळ्या पॉपलिनमध्ये, रेडिओचे पांढऱ्या लठ्ठ्यात, स्टोव्हचा कागद लाल छिटाच्या तुकड्यात. अब्बांना उर्दू चांगलं वाचता यायचं, मराठी अडखळत, इंग्रजी मुळीच नाही. म्हणून नाव लिहिण्याऐवजी रंग.

ही त्यांचीच युक्ती, असं मला बरीच वर्षं वाटत होतं. पुढे वाचनात आलं की पुण्याच्या पेशवे दफ्तरात मोडी कागदांचे गठ्ठे कापडातच बांधलेले असतात आणि त्या गठ्ठ्याला 'रुमाल' म्हणतात. आपला बीड जिल्हा १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. त्या काळातल्या कचेऱ्यांतले कापडी बस्ते अब्बांच्या वडीलधाऱ्यांनी पाहिलेले असणारच. दफ्तर काय, रुमाल काय, दोन्ही शब्द फारसीतून आले आणि मराठीत असे मुरले की पहिलीतलं पोरही दफ्तर पाठीला लावून शाळेत जातं.

वस्तू कशी वापरावी हे लिहून ठेवण्याची रीत फार जुनी आहे. १२०६ मध्ये अल् जझरी नावाच्या कारागिरानं पाण्याची घड्याळं, पाणी उपसण्याची यंत्रं अशा पन्नास साधनांचा अरबी ग्रंथ आकृत्यांसह पुरा केला. मला अधिक जवळचा वाटतो तो इंग्रज कवी चॉसर. १३९१ मध्ये त्यानं आपल्या दहा वर्षांच्या मुलासाठी ॲस्ट्रोलेब, म्हणजे ताऱ्यांची उंची मोजायचं यंत्र, कसं वापरावं याची पुस्तिका लिहिली. अरबीतून लॅटिनमध्ये गेलेल्या विद्येवर ती उभी होती; पण पोराला लॅटिन पुरेसं येत नव्हतं, म्हणून बापानं ती घरच्या बोलीत, इंग्रजीत लिहिली. कवीनं करण्यासारखं हेही काम आहे, असं तेव्हापासून मी मनाशी धरून आहे.

मराठीत या कामाचा मान किर्लोस्करवाडीला द्यावा लागेल. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी बेळगावात सायकलीच्या दुकानापासून सुरुवात केली. मग लोखंडी नांगर बनवला आणि १९१० मध्ये औंध संस्थानातल्या माळरानावर कारखाना उभारला. पण शेतकरी नांगर घेईनात. लोखंडानं जमिनीत विष उतरतं, अशी समजूत होती. नांगर ओतणं जमलं होतं, तो गळी उतरवणं जमत नव्हतं. १९२० मध्ये 'किर्लोस्कर खबर' निघालं, संपादक शंकरराव किर्लोस्कर. सुरुवातीचा हेतू साधा होता, कारखान्याची आणि मालाची माहिती गिऱ्हाइकांपर्यंत न्यायची. त्या खबरीतूनच पुढे कथा, लेख, समाजसुधारणा असं मोठं मासिक उभं राहिलं. १९३० मध्ये 'स्त्री' आणि १९३४ मध्ये 'मनोहर' ही भावंडं आली. नावातला 'खबर' हा अरबी शब्द गळाला आणि नुसतं 'किर्लोस्कर' राहिलं. मला थोडी हळहळ वाटते, पण ते असो. मराठी वाचकाला घडवणाऱ्या एका मासिकाचं मूळ नांगराच्या माहितीत आहे, हे आपण विसरतो.

आमच्या घरात मात्र माहिती आली ती इंग्रजीत.

मी नऊ वर्षांचा असेन. घरात पंपाचा रॉकेल स्टोव्ह होता. कुठल्या कंपनीचा ते सांगत नाही. संध्याकाळी आपा भाकरी करत होती. मध्येच आच कमी झाली. तिनं स्टोव्ह विझवला, झाकण फिरवलं आणि लगेच रॉकेल ओतायला घेतलं. भडका उडाला. अम्मीनं गोधडी टाकली म्हणून आपा वाचली. पण उजवा हात कोपरापर्यंत भाजला, दोन बोटं कायमची आखडली. तिचं लग्न ठरलेलं होतं, ते मोडलं. दुसरं जमायला सहा वर्षं लागली.

अकरावीत गेल्यावर एका सुट्टीत मी पेटी उघडली. लाल छिटातला कागद पहिल्यांदा अक्षर लावून वाचला. चौथ्या ओळीत लिहिलं होतं : आधी हवेचा स्क्रू सैल करा, स्टोव्ह पूर्ण थंड होऊ द्या, मगच तेल भरा. शेजारी चित्रही होतं, पण बोटाच्या पेराएवढं. अब्बा मशीनवर बसले होते. मी ती ओळ मराठीत सांगितली. त्यांनी मशीन थांबवलं. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "सब निकाल. एक एक पढ के सुना."

त्या सुट्टीत मी पेटीतलं सगळं वाचून दाखवलं. मशीनला तेल कुठे कुठे सोडायचं, याची अकरा ठिकाणं निघाली. अब्बा वीस वर्षं सातच ठिकाणी सोडत होते. रेडिओच्या लायसन्सची पानंही वाचली. दर वर्षी पोस्टात पैसे भरून तिकिटं लावायची ती पद्धत १९८० च्या दशकात बंद झाली, पण अब्बांनी बुक टाकलं नाही.

मग गावात बातमी पसरली. बी.ए. झाल्यावर तर पाहायला नको. कुणी पंपाच्या स्टार्टरचा कागद आणी, कुणी मिक्सरचा. "भाऊ, एवढं वाचून द्या की," म्हणत बाया दारात उभ्या राहत. ऊसतोडीला जाणारी कुटुंबं सहा महिन्यांसाठी घराला कुलूप लावायची. जाताना टीव्हीचं बिल आणि गॅरंटी कार्ड आमच्या पेटीत ठेवून जायची. पावती हरवली की दुकानदार ओळख दाखवत नाही, हे सगळ्यांना अनुभवानं ठाऊक.

सगळ्यात अवघड कागद फवारणीच्या औषधाचा. १९६८ चा कीटकनाशक कायदा आणि १९७१ चे नियम यांनुसार डब्यासोबत हिंदी, इंग्रजी आणि प्रादेशिक भाषेत पत्रक द्यावं लागतं. डब्यावर रंगीत त्रिकोण असतो. लाल सर्वांत जहाल, मग पिवळा, निळा, हिरवा. म्हणजे अब्बांचीच पद्धत. पण पत्रकावरचं मराठी मुंगीच्या पायाएवढं. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं वीसहून अधिक जीव गेले, तेव्हा मी आमच्या आळीत घरोघर जाऊन त्रिकोणाचा अर्थ सांगितला. वयानं मोठे असलेले एकजण म्हणाले, "मास्तर, आम्ही त्याला कंपनीचा शिक्का समजत होतो."

तुम्ही घरात अशी पेटी करणार असाल तर एवढंच सांगतो. पुस्तकाच्या पहिल्या पानावर खरेदीची तारीख आणि दुकान लिहा, बिल तिथेच टाचा. हल्लीची बिलं वर्षभरात पांढरी पडतात, म्हणून त्यांची झेरॉक्स काढा. वस्तूच्या मागे किंवा खाली चिकटवलेला मॉडेल नंबर वहीत उतरवून घ्या. चिकटपट्टी स्वयंपाकघराच्या वाफेनं पुसट होते. पुस्तक हरवलं तरी त्या नंबरावरून कंपनीच्या संकेतस्थळावर ते बहुधा सापडतं. डिसेंबर २०२२ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार खात्यानं दुरुस्तीच्या हक्कासाठी एक पोर्टल सुरू केलं. तिथंही कंपन्यांची माहिती एकत्र करण्याचा प्रयत्न आहे. आणि वस्तू मोडीत गेली की तिचं पुस्तक काढून टाका. हे मात्र मला स्वतःला जमलेलं नाही.

गेल्या महिन्यात आपाच्या सुनेनं इंडक्शनची शेगडी घेतली. खोक्यात पुस्तक नव्हतं, एक काळा-पांढरा चौकोन होता, मोबाइलनं टिपायचा. मी ते गेवराईला छापून आणलं, सोळा पानं, सगळी इंग्रजी. कामाच्या ओळी मराठीत काढून वर लावल्या. आपानं डाव्या हातात कात्री धरून हिरव्या कापडाचा चौकोन कापला आणि म्हणाली, "गाठ तू मार, माझ्यानं घट्ट बसत नाही."