कार्थुसियन मठ : शेजार असलेला एकांत

कार्थुसियन हा कॅथलिक चर्चमधील अत्यंत कडक एकांतव्रती संघ. त्याचा आरंभ १०८४ साली आग्नेय फ्रान्समध्ये, ग्रनोबल शहराच्या उत्तरेकडील शार्त्रूझच्या डोंगरांत झाला. संस्थापक ब्रूनो जर्मनीतील कोलोनचा. रँसच्या कॅथिड्रलच्या शाळेत त्याने अनेक वर्षे शिकवले. तिथल्या भ्रष्ट आर्चबिशपशी त्याचे बिनसले, आणि पुढे त्याने शहर व मानमरातब दोन्ही सोडले. सहा सोबत्यांसह तो ग्रनोबलचा बिशप ह्यू याच्याकडे आला. ह्यूने त्यांना बर्फाने महिनोन्‌महिने वेढलेली एक उंच, ओसाड जागा दाखवून दिली. सोबत्यांपैकी दोघे धर्मदीक्षा न घेतलेले साधे गृहस्थ होते, ही गोष्ट पुढे महत्त्वाची ठरली.

ब्रूनोला हा एकांत फार काळ लाभला नाही. १०९० मध्ये त्याचाच जुना विद्यार्थी, पोप दुसरा अर्बन, याने त्याला रोमला बोलावून घेतले. त्यानंतर तो दक्षिण इटलीतील कालाब्रियात राहिला आणि ११०१ मध्ये तिथेच वारला. मागे त्याने नियमावली ठेवली नव्हती. ती लिहिली पाचवा मठाधिपती गीगो याने, ११२७ च्या सुमारास.

गीगोची नजर व्यवहारी होती. कुटीत राहणारे व्रतस्थ तेरा, फार तर चौदा. आणि शेती, गुरे, स्वयंपाक पाहणारे ब्रदर, म्हणजे त्या दोन गृहस्थांसारखे दीक्षा न घेतलेले, सोळा, अशी संख्या त्याने बांधून दिली. डोंगरातली जमीन याहून जास्त माणसे पोसू शकत नाही, आणि भिक्षा मागत हिंडावे लागले तर एकांत कसला, हा त्यामागचा हिशेब. भिक्षेलाच संन्यासाची खूण मानणाऱ्या वाचकाला हे उलटे वाटेल. प्रत्येक व्रतस्थाला द्यायच्या वस्तूंची यादीही तो देतो: लेखण्या, खडू, दोन प्यूमिस दगड, शाईची दोन शिंगे, चर्मपत्र खरवडायची पाती. तोंडाने उपदेश करायचा नाही, तर हाताने ग्रंथ नकलून करायचा, अशी त्याची धारणा होती.

११३२ च्या जानेवारीत हिमकडा कोसळून पहिला मठ गाडला गेला आणि सात जण दगावले. नवा मठ थोडा खाली बांधला. ब्रदरांचे घर त्याहूनही खाली होते.

मठाची रचना पाहिली की व्रत समजते. एका लांब ओवरीच्या कडेने छोटी घरे, प्रत्येकाला स्वतःची भिंतबंद बाग. आत प्रार्थनेची व झोपायची खोली, सुतारकामाचे बाक, लाकडे रचायची जागा; शेगडीसाठी सरपण ज्याचे त्यानेच फोडायचे. दाराशेजारी भिंतीत एक झरोका असतो. ब्रदर त्यात जेवण ठेवून जातो. आतल्याला काही हवे असेल तर तो तिथे चिठ्ठी ठेवतो. दोघांची भेट होत नाही. मांस कायमचे वर्ज्य. मध्यरात्री घंटा होते, सगळे अंधारात चर्चमध्ये जमून दोन-तीन तास स्तोत्रे गातात आणि परत येऊन पुन्हा झोपतात. रविवारी जेवण एकत्र, तेही मुकाट्याने. बोलायची मुभा मिळते ती मुख्यतः आठवड्यातून एकदा रानात लांबवर फिरायला जाताना. मेलेल्याला शवपेटीविना पुरतात. क्रुसावर नाव नसते.

राजसत्तेशी मात्र गाठ पडलीच. इंग्लंडचा राजा आठवा हेन्री याला चर्चचा प्रमुख मानायला नकार दिल्याबद्दल लंडनच्या मठाचा अधिपती जॉन हॉटन याला १५३५ मध्ये फाशीच्या माळावर नेऊन ठार केले. फ्रान्समध्ये क्रांतीने व्रतस्थांना १७९२ मध्ये बाहेर काढले; ते १८१६ मध्ये परतले. एव्हाना त्यांच्याकडे १३० वनस्पतींचा एक अर्क होता. त्याची कृती १६०५ मध्ये हस्तलिखितातून मिळाली, असे संघ सांगतो. त्यातूनच हिरवे शार्त्रूझ मद्य आले आणि मठाचा खर्च त्यावर चालू लागला. १९०३ मध्ये सरकारने पुन्हा हाकलले, तेव्हा कृती बरोबर घेऊन त्यांनी स्पेनमधील तारागोना येथे भट्टी लावली. मूळ मठात परतायला १९४० उजाडले. आजही तो पाहुण्यांना बंद आहे. संग्रहालय आहे ते खालच्या, ब्रदरांच्या जुन्या घरात.