धान, तणस आणि एक उलटा जोड

भंडारा म्हटलं की पुण्या-मुंबईच्या मित्रांना पितळेची भांडी आठवतात, नाहीतर "ते नागपूरच्या पुढे ना?" असा प्रश्न येतो. माझं आजोळ साकोली तालुक्यातलं. त्यामुळे माझ्या डोक्यात हा जिल्हा म्हणजे तळी, धानाच्या बांध्या आणि घरामागे रचलेला तणसाचा ढीग. तणस म्हणजे भाताचा पेंढा, आमच्या झाडीपट्टीतला शब्द.

आता गंमत बघा. तांदूळ आणि तणस या दोन्हींतला सगळ्यात मोठा भाग एकाच साखरेचा, ग्लुकोजचा बनलेला असतो. तरीही एकावर माणूस जगतो आणि दुसऱ्यावर बैल. का? या प्रश्नाचं उत्तर शोधायला युरोपातल्या रसायनशास्त्रज्ञांना शंभरेक वर्षं लागली. आणि त्या उत्तराशी भंडाऱ्याच्या शेतीचा इतिहास चांगलाच जोडलेला आहे.

सुरुवात १८११च्या सुमाराला झाली. सेंट पीटर्सबर्गमध्ये किर्खहॉफ नावाच्या माणसानं स्टार्च सौम्य आम्लात उकळला, तर गोड पाक तयार झाला! १८१९ मध्ये फ्रान्समध्ये ब्राकोनोनं तोच प्रकार तागाच्या चिंध्यांवर आणि लाकडाच्या भुशावर केला. तिथेही साखरच निघाली. १८३८ मध्ये पायेननं वनस्पतींच्या पेशींच्या भिंतीतला पदार्थ वेगळा काढला, त्यालाच पुढे सेल्युलोज हे नाव मिळालं. तपासलं तर त्यातल्या मूलद्रव्यांचं प्रमाण स्टार्चसारखंच. म्हणजे कच्चा माल एक आणि पदार्थ दोन.

हे प्रचंड लांब रेणू असतात, ही कल्पना श्टाउडिंगरनं १९२० मध्ये मांडली तेव्हा बऱ्याच सहकाऱ्यांनी ती उडवूनच लावली. त्याला नोबेल मिळालं १९५३ मध्ये.

प्रोग्रामरच्या भाषेत सांगायचं तर ग्लुकोज हा एक नोड. एका ग्लुकोजचा पहिला कार्बन पुढच्याच्या चौथ्या कार्बनला जोडला की लिंक्ड लिस्ट तयार. फरक फक्त जोडाच्या दिशेत. आल्फा जोड असेल तर साखळी स्प्रिंगसारखी वळते, तो स्टार्च. बीटा जोडात प्रत्येक पुढचा ग्लुकोज उलटा बसतो, साखळी सरळ पट्टीसारखी राहते आणि अशा अनेक पट्ट्या एकमेकींना घट्ट चिकटून तंतू होतो. तो सेल्युलोज. तुमच्या अंगातला सुती शर्टही तोच.

स्टार्चमध्येही दोन प्रकार. अमायलोज बहुतांशी सरळ साखळी, तर अमायलोपेक्टिन म्हणजे चक्क ट्री, साधारण दर २४ ते ३० ग्लुकोजनंतर एक फांदी. फांद्या जास्त म्हणजे टोकं जास्त, आणि टोकं जास्त म्हणजे एकाच वेळी अनेक ठिकाणांहून साखर काढता येते. आपल्या यकृतातल्या आणि स्नायूंतल्या ग्लायकोजेनमध्ये तर दर ८ ते १२ ग्लुकोजला फांदी असते, कारण बस पकडायला धावताना साखर लगेच लागते! भात मोकळा होणार की चिकट, हेही बरंचसं या दोन प्रकारांच्या प्रमाणावर ठरतं. अमायलोज जास्त तर भात मोकळा.

बीटा जोड तोडणारं एन्झाइम माणसाकडे नाही. खरं तर बैलाकडेही नाही. त्याच्या पोटाच्या पहिल्या मोठ्या कप्प्यात राहणारे सूक्ष्मजीव ते काम करतात. तणसात सिलिका आणि लिग्निन असल्यामुळे त्यांनाही ते जडच जातं, पण जमतं.

आता भंडाऱ्याकडे येऊ. या भागात गोंड राजवटीच्या काळापासून तळी बांधली गेली, आणि त्यात कोहळी समाजाचा वाटा मोठा. रसेल आणि हिरालाल यांच्या १९१६च्या ग्रंथातही कोहळ्यांच्या पाणी अडवण्याच्या कसबाची नोंद आहे. त्या पाण्यावर धान व्हायचं. धानातला आल्फा माणसांच्या ताटात आणि बीटा बैलांच्या गव्हाणीत. तेच बैल पुन्हा बांधीत चिखल करायचे, त्यांचं शेण शेतात जायचं. एका तळ्याच्या पाण्यावर गावाचं जेवण आणि गावाचं "डिझेल", दोन्ही तयार होत होतं.

हे चक्र दोन ठिकाणी तुटलं. १९५०च्या कायद्यानं मालगुजारी गेली. ते व्हायलाच हवं होतं, पण तळी सरकारकडे गेली आणि "मामा तलाव", म्हणजे माजी मालगुजारी तलाव, झाली. गाळ कोणी काढायचा हा प्रश्न मात्र लोंबकळत राहिला. दुसरा बदल बियाण्यात झाला. १९६६ मध्ये फिलिपाइन्समधून आयआर-८ ही बुटकी जात आली आणि तिच्यामागून बुटक्या जातींची रांगच लागली. जुन्या उंच जातींमध्ये रोपाच्या एकूण वाळलेल्या वजनाचा साधारण ३० टक्के भाग दाण्यात जायचा, या नव्या जातींत तो ५० टक्क्यांच्या आसपास गेला. थोडक्यात, हरितक्रांतीनं रोपाचं बरंचसं ग्लुकोज तणसाकडून दाण्याकडे वळवलं. त्यानं कोट्यवधी लोकांची पोटं भरली, हे विसरून चालणार नाही. पण चिन्नोरसारखे उंच, वाऱ्यानं लोळणारे जुने धान "कमी उत्पन्नाचे" ठरले ते उत्पन्न म्हणजे फक्त दाणा असं मोजल्यामुळे. ज्याच्या गोठ्यात चार बैल होते, त्याच्या हिशेबात तणसही पीकच होतं.

मग ट्रॅक्टर आले, हार्वेस्टर आले, बैल कमी झाले आणि तणस "कचरा" झालं. आणि बघा, ऑगस्ट २०२२ मध्ये पानिपतला ९०० कोटींहून जास्त खर्चाचा कारखाना सुरू झाला. तिथे भाताच्या पेंढ्यातला बीटा जोड एन्झाइमनं तोडून इथेनॉल करतात. म्हणजे बैलाच्या पोटात जे गुपचूप चालायचं, तेच स्टीलच्या टाक्यांमध्ये!

मी कारखान्याच्या विरोधात अजिबात नाही, आणि ट्रॅक्टर विकून बैल आणा असंही कोणाला सांगणार नाही. आमचा मामाच हसेल. पण एखादी जुनी पद्धत "अडाणी" म्हणून मोडीत काढताना ती नेमकं काय काय मोजत होती, एवढं तरी बघायला हवं. जुना कोड डिलीट करण्याआधी तो कोण कोण वापरतंय हे आपण बघतोच ना? शेतीतही तेवढीच काळजी घ्यायला काय हरकत आहे?