गोळी आणि ऐपत

आमच्या लहानपणी शहापुरात कुणाला फेफरे आले की कांदा फोडून नाकाशी धरीत, नाहीतर पायातली वहाण. मुलगी लग्नाची असली तर आधी दार लावीत. पुढे मी औषधांच्या दुकानात गल्ल्यावर बसलो आणि त्या बंद दारांमागच्या चिठ्ठ्या माझ्या हाती येऊ लागल्या.

या औषधांचा इतिहास बायकांच्या दुखण्यापासूनच सुरू होतो. १८५७ साली व्हिक्टोरिया राणीचे प्रसूतितज्ज्ञ चार्ल्स लोकॉक यांनी मासिक पाळीच्या वेळी येणाऱ्या झटक्यांवर ब्रोमाइड गुणकारी असल्याचे सांगितले. १९१२ साली जर्मनीत हाउप्टमान यांनी फेनोबार्बिटोन वापरले. गरिबाची गोळी म्हणून ते आजही टिकून आहे. १९६२ साली फ्रान्सात, इतर औषधे विरघळवण्यासाठी घेतलेल्या व्हॅल्प्रोएटमध्येच झटके थांबवण्याचा गुण असल्याचे योगायोगाने कळले.

औषध गुणाचे होते. पण १९८२ साली फ्रान्समधल्याच ल्यों शहरातून इशारा आला: गरोदरपणी ते घेणाऱ्या मातांच्या बाळांत पाठीच्या कण्याचे व्यंग जास्त आढळते. आज ठाऊक आहे, की अशा १०० बाळांपैकी सुमारे १० जणांना जन्मजात व्यंग असते आणि ३० ते ४० जणांच्या वाढीत, शिकण्यात अडथळे येतात. तरी युरोपात कडक निर्बंध आले ते २०१८ साली. मूल होण्याच्या वयातल्या स्त्रियांना ते देऊ नये, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये बजावले.

मधल्या काळात लॅमोट्रिजीन, लेव्हेटिरासिटम ही बाळाला कमी धोक्याची औषधे आली. पण लॅमोट्रिजीनचा डोस हळूहळू, काही आठवडे घेऊन वाढवावा लागतो, गरोदरपणी पुन्हा बदलावा लागतो. म्हणजे तज्ज्ञाकडे खेपा. एका प्राध्यापकांच्या सुनेला ते जमले. वडगावात मागावर काम करणारी बाई मात्र, "काका, खाडा पडला की मजुरी जाते," म्हणत जुनीच चिठ्ठी पुढे करी. औषधाच्या कागदावरची सूचना इंग्रजीत. ना मराठीत, ना कन्नडात. मी ती तिला समजावून सांगितली नाही, याची टोचणी आहे.

त्यात लग्नाचा धाक. १९७६ साली हिंदू विवाह कायद्यात अपस्माराचे वारंवार येणारे झटके विवाहाला बाधक ठरवले गेले. १९९९ साली तो उल्लेख वगळला. कायद्यातून गेला, घरातून गेला नाही. आजार लपवणाऱ्या घरातली मुलगी डॉक्टरांना 'लग्न ठरलंय' हे कोणत्या तोंडाने सांगणार?

आता गल्ल्यावर मुलगा बसतो. त्याला सांगून ठेवले आहे: तरुण बाईची अशी चिठ्ठी आली की तिच्या भाषेत दोन गोष्टी बोल. गोळी आपल्या मनाने बंद करू नका. आणि मूल हवे असेल तर त्याआधीच डॉक्टरांना विचारा. एवढे बोलायला पैसे पडत नाहीत.