रक्तात न उतरणारे औषध : कोलेस्टेरॉल, मधुमेह आणि एका राळेचा इतिहास

१/
जानेवारी २००८. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने ‘कोलेसेव्हलाम’ या औषधाला टाइप २ मधुमेहाच्या उपचारासाठी मान्यता दिली. बातमी छोटी होती, पण तिच्यात एक कोडे होते. हे औषध मुळात कोलेस्टेरॉल कमी करण्यासाठी २००० साली बाजारात आले होते आणि ते रक्तात शोषलेच जात नाही. तोंडावाटे पोटात जाते, आतड्यातून प्रवास करते आणि शौचावाटे बाहेर पडते. मग रक्तातले कोलेस्टेरॉल आणि रक्तातली साखर या दोन्हींपर्यंत त्याचा हात पोहोचतो कसा? या प्रश्नाच्या उत्तरात विसाव्या शतकातील औषधशास्त्राचा एक मोठा वाद दडलेला आहे. त्याचाच हा थ्रेड.

२/
आरंभ नावापासून करावा लागतो. कोलेस्टेरॉल प्रथम सापडले ते रक्तात नव्हे, पित्ताशयातील खड्यांत. अठराव्या शतकात फ्रान्समध्ये ते वेगळे काढले गेले. एकोणिसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात रसायनज्ञ मिशेल शेव्रल यांनी त्याला ‘कोलेस्टेरीन’ हे नाव दिले. ग्रीक भाषेत ‘कोले’ म्हणजे पित्त आणि ‘स्टेरेऑस’ म्हणजे घन. घनरूप पित्त! नाव देताना शेव्रल यांना पुढचे काही ठाऊक असण्याचे कारण नव्हते. पण कोलेस्टेरॉल आणि पित्त यांचे नाते खरोखरच रक्ताचे निघाले.

३/
यकृत कोलेस्टेरॉलपासून पित्ताम्ले तयार करते. ही आम्ले आतड्यात उतरतात, अन्नातील स्निग्धांश पचवण्यास मदत करतात आणि काम संपताच त्यांतील सुमारे ९५ टक्के भाग लहान आतड्याच्या शेवटच्या टप्प्यात शोषला जाऊन यकृताकडे परततो. जुन्या विहिरीवरील रहाटगाडगे डोळ्यांसमोर आणावे : गाडगी भरून वर येतात, रिकामी होतात, पुन्हा खाली जातात. शरीर अत्यंत काटकसरी आहे. रोज फार थोडे पित्ताम्ल वाया जाते. ही काटकसर मोडली तर? गाडग्यांना भोके पाडली तर? तूट भरून काढण्यासाठी यकृताला रक्तातील कोलेस्टेरॉल ओढून घ्यावे लागेल. पुढील सारा इतिहास या एका तर्कावर उभा आहे.

४/
पण कोलेस्टेरॉल कमी करावे असे वाटू लागले ते कधी? १९१३ मध्ये रशियात निकोलाय अनिचकोव्ह यांनी सशांना कोलेस्टेरॉल खाऊ घालून त्यांच्या रोहिण्यांत मेदाचे थर निर्माण करून दाखवले. ससा शाकाहारी प्राणी. त्याचे निष्कर्ष माणसाला कसे लावायचे, हा आक्षेप लगेच आला आणि दीर्घकाळ टिकला. १९४८ मध्ये अमेरिकेतील फ्रेमिंगहॅम या गावात हजारो रहिवाशांचा प्रदीर्घ अभ्यास सुरू झाला. १९५५ मध्ये खुद्द राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांना हृदयविकाराचा झटका आला. हृदयरोग हा आता केवळ वैद्यकाचा विषय राहिला नव्हता, तो राष्ट्रीय चिंतेचा विषय झाला होता. साहजिकच गोळीची मागणी निर्माण झाली.

५/
गोळी आलीही. १९६० मध्ये रिचर्डसन-मेरेल कंपनीचे ‘मेर/२९’, म्हणजे ट्रायपॅरानॉल, हे औषध अमेरिकेत विक्रीस आले. शरीरात कोलेस्टेरॉल तयार होण्याची शेवटची पायरीच ते रोखत असे. रक्तातील आकडा उतरला. मात्र अडवलेल्या पायरीच्या अलीकडचा पदार्थ, डेस्मोस्टेरॉल, शरीरात साचू लागला. रुग्णांचे केस गळू लागले, त्वचा बिघडली आणि काहींच्या डोळ्यांत मोतीबिंदू झाला. आकडा सुधारला होता, माणूस आजारी पडला होता.

६/
यापुढची गोष्ट अधिक गंभीर आहे. प्राण्यांवरील चाचण्यांच्या नोंदींत कंपनीने फेरफार केल्याचे उघड झाले. प्रयोगशाळेत काम केलेल्या एका महिलेला माकडांविषयीच्या नोंदी बदलण्यास सांगण्यात आले होते आणि ती माहिती अखेर प्रशासनापर्यंत पोहोचली. एप्रिल १९६२ मध्ये औषध मागे घेण्यात आले. खटला झाला आणि कंपनीला ८०,००० डॉलर दंड झाला. थॅलिडोमाइड अमेरिकेत विकण्यासाठी अर्ज करणारी कंपनीही हीच होती. १९६२ च्याच ऑक्टोबरमध्ये अमेरिकेत नवा कायदा झाला : औषध सुरक्षित आहे एवढे पुरेसे नाही, ते गुणकारी आहे हेही सिद्ध करावे लागेल.

७/
या पार्श्वभूमीवर दुसरा मार्ग पाहावा. शरीराच्या रसायनशाळेत शिरून एखादी पायरी तोडण्याऐवजी आतड्याच्या पोकळीतच पित्ताम्ले पकडावीत, असा हा विचार होता. त्यासाठी उपयोगी पडली ती कृत्रिम राळ, म्हणजेच आयन-विनिमय रेझिन. जड पाणी मऊ करण्यासाठी या जातीचे पदार्थ वापरात होतेच. १९५९-६० च्या सुमारास अशी राळ प्राण्यांत आणि माणसांतही कोलेस्टेरॉल उतरवते, असे शोधनिबंध प्रसिद्ध झाले. यातून पुढे आलेले औषध म्हणजे कोलेस्टिरामिन. पित्तमार्ग अडल्यावर अंगाला सुटणारी असह्य खाज शमवण्यासाठीही त्याचा उपयोग झाला, कारण त्या खाजेमागेही रक्तात साचलेल्या पित्तातील द्रव्यांचा हात मानला जात होता.

८/
या औषधाचे मोठे बळ असे की ते रक्तात जात नव्हते. मेर/२९ च्या अनुभवाने पोळलेल्या वैद्यकाला हा दिलासा होता. उणीवही तितकीच मोठी होती. पाण्यात न विरघळणारी वाळूसारखी पूड घोळून प्यायची, तीही रोज २४ ग्रॅमपर्यंत, म्हणजे सहा पुड्या. बद्धकोष्ठ, पोटफुगी, मळमळ या तक्रारी नित्याच्या. आपल्याला काहीच होत नाही असे ज्याला वाटते, अशा माणसाने हे वर्षानुवर्षे का घ्यावे? याला उत्तर हवे असेल तर पुरावा हवा होता.

९/
तो मिळवण्यासाठी अमेरिकेच्या राष्ट्रीय हृदय संस्थेने एक प्रचंड चाचणी हाती घेतली. सहभागी निवडायला १९७३ मध्ये सुरुवात झाली. लाखो पुरुषांची रक्ततपासणी करून ३,८०६ जण निवडले गेले : वय ३५ ते ५९, कोलेस्टेरॉल किमान २६५, हृदयविकाराचे लक्षण नाही. निम्म्यांना कोलेस्टिरामिन, निम्म्यांना तशीच दिसणारी निष्क्रिय पूड. कोणाला काय मिळते हे रुग्णाला ठाऊक नाही आणि डॉक्टरलाही नाही. असे सरासरी ७.४ वर्षे चालले. एकही स्त्री या चाचणीत नव्हती, हेही नोंदवले पाहिजे. त्या काळातील बहुतेक हृदयरोग-संशोधनाचे हेच चित्र होते.

१०/
जानेवारी १९८४ मध्ये निकाल प्रसिद्ध झाला. हृदयविकाराने मृत्यू किंवा हृदयविकाराचा झटका, अशा घटना निष्क्रिय पूड घेणाऱ्यांत १८७ आणि औषध घेणाऱ्यांत १५५. घट १९ टक्के, असे जाहीर झाले. कोलेस्टेरॉल कमी केल्यास हृदयविकार कमी होतो, हे इतक्या मोठ्या प्रमाणावर आणि इतक्या काटेकोर पद्धतीने प्रथमच दाखवले गेले होते. मार्च १९८४ मध्ये ‘टाइम’ साप्ताहिकाच्या मुखपृष्ठावर दोन अंडी आणि बेकनची पट्टी यांतून साकारलेला उदास चेहरा झळकला. वैद्यकातील वाद न्याहारीच्या ताटापर्यंत पोहोचला.

११/
मात्र तेच आकडे दुसऱ्या बाजूनेही वाचता येतात. १,९०० माणसांतील १८७ म्हणजे सुमारे ९.८ टक्के, १,९०६ माणसांतील १५५ म्हणजे सुमारे ८.१ टक्के. सात वर्षे रोज पुड्या घेऊन शंभरातील जेमतेम दोघांचा लाभ. शिवाय सर्व कारणांनी झालेले मृत्यू मोजले तर दोन्ही गटांत जवळपास सारखे : ७१ आणि ६८. संख्याशास्त्रीय कसोटी एकाच दिशेने लावल्याबद्दलही टीका झाली. आणखी एक प्रश्न होता : चाचणी औषधाची झाली, आहाराची नव्हे, मग अंड्यांना दोषी ठरवण्याचा आधार कोणता? टीकाकार खोटे बोलत नव्हते आणि संशोधकही. ‘१९ टक्के’ आणि ‘शंभरातील दोघे’ ही एकाच घटनेची दोन मोजमापे होती.

१२/
साक्ष वेगळ्याच ठिकाणाहून आली. हेन्री बुकवाल्ड या शल्यचिकित्सकाने १९६३ पासून मिनेसोटात पित्ताम्ले शोषणारा लहान आतड्याचा शेवटचा भाग वळसा घालून टाळण्याची शस्त्रक्रिया सुरू केली होती. तर्क तोच, हत्यार वेगळे. एकदा हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या ८३८ रुग्णांवरील चाचणीचा निकाल १९९० मध्ये आला. शस्त्रक्रिया झालेल्यांत हृदयविकाराचा मृत्यू व पुन्हा येणारा झटका मिळून ३५ टक्के कमी. येथे रोज पुडी घेण्याचा प्रश्नच नव्हता, त्यामुळे परिणाम अधिक ठळक दिसला.

१३/
हे सारे का घडते, याचा उलगडा टेक्सासमधील डॅलस येथे झाला होता. मायकेल ब्राउन आणि जोसेफ गोल्डस्टाइन यांनी १९७० च्या दशकात पेशींवरील एलडीएल-ग्राहक शोधला. १९८५ चे नोबेल त्यांना मिळाले. पित्ताम्ले वाया जाऊ लागली की यकृत आपल्या पेशींवरील या ग्राहकांची संख्या वाढवते आणि रक्तातील एलडीएल खेचून घेते. रहाटाच्या गाडग्यांना भोके पडली की विहिरीची पातळी का उतरते, ते आता रेणूंच्या भाषेत कळले.

१४/
याच सुमारास जपानच्या सांक्यो कंपनीत अकिरा एंदो यांनी बुरशीपासून पहिले स्टॅटिन वेगळे काढले होते. १९८७ मध्ये लोव्हास्टॅटिन अमेरिकेत आले. १९९४ मध्ये स्कँडिनेव्हियातील ४,४४४ रुग्णांच्या चाचणीत सिमव्हास्टॅटिनने एकूण मृत्यूच ३० टक्क्यांनी कमी केले. १९८४ चा अपुरा राहिलेला पुरावा आता पूर्ण झाला. रोज एक छोटी गोळी आणि त्यामागे भक्कम पुरावा. वाळूसारख्या पुडीला कोण विचारणार? राळेची औषधे मागे पडली, संपली नाहीत. स्टॅटिन न सोसणारे किंवा स्टॅटिन घेऊनही एलडीएल न उतरणारे रुग्ण उरलेच. त्यांच्यासाठी अमेरिकेतील जेलटेक्स कंपनीने पाणी शोषून मऊ होणारा नवा बहुवारिक घडवला : कोलेसेव्हलाम. मे २००० मध्ये त्याला मान्यता मिळाली. पुडीऐवजी गोळ्या, रोज सहा. एलडीएलमध्ये घट सुमारे १५ ते १८ टक्के. तो बाजारात आणणारी कंपनी होती सांक्यो, पहिल्या स्टॅटिनची जन्मदात्री!

१५/
आता साखरेचे कोडे. १९९४ मध्ये डॅलस येथेच अभिमन्यू गर्ग आणि स्कॉट ग्रंडी यांनी टाइप २ मधुमेहाच्या २१ रुग्णांना कोलेस्टेरॉलसाठी कोलेस्टिरामिन दिले. एलडीएल उतरले, हे अपेक्षितच होते. पण रक्तातील साखरही सरासरी १३ टक्क्यांनी उतरली. २१ रुग्णांवरून सिद्धांत मांडता येत नाही. मात्र दुर्लक्षही करता येत नाही. पुढे १९९९ मध्ये पेशीच्या केंद्रकात पित्ताम्लांना ओळखणारा ग्राहक सापडला, तर २००२ मध्ये पेशीच्या पृष्ठभागावरचा. पित्ताम्ले केवळ साबणासारखी मेद फोडणारी द्रव्ये नव्हेत, ती संप्रेरकांसारखी निरोप पोहोचवणारी द्रव्येही आहेत, हे यातून उमगले. आतड्यात त्यांची वाट बदलली की साखरेच्या नियमनावरही परिणाम होतो. त्याची नेमकी यंत्रणा आजही अभ्यासाचा विषय आहे.

१६/
इन्शुलिन, मेटफॉर्मिन किंवा सल्फोनिलयुरिया घेणाऱ्या रुग्णांत कोलेसेव्हलामची भर घालून चाचण्या झाल्या. तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारा एचबीए१सी सुमारे अर्ध्या टक्क्याने उतरला. त्यावरून २००८ ची मान्यता आली. हे सहायक औषध आहे; टाइप १ मधुमेहासाठी नाही. ट्रायग्लिसराइड ५०० च्या वर असल्यास किंवा आतडे अडण्याचा पूर्वेतिहास असल्यास ते वर्ज्य आहे. राळ पित्ताम्लांबरोबर इतर औषधेही अडकवू शकते; म्हणून थायरॉइडच्या गोळ्यांसारखी काही औषधे किमान चार तास आधी घ्यावी लागतात.

१७/
त्या मान्यतेनंतर महिन्याभरातच, फेब्रुवारी २००८ मध्ये, १०,२५१ मधुमेहींवरील ‘अकॉर्ड’ चाचणीचा एक भाग थांबवावा लागला. साखर अत्यंत कडक नियंत्रणात ठेवलेल्या गटात मृत्यू अधिक होत होते. रोसिग्लिटाझोन या मधुमेहाच्या औषधाविषयी २००७ पासून वादळ उठलेलेच होते. त्याच वर्षाच्या डिसेंबरमध्ये अमेरिकी प्रशासनाने नव्या मधुमेह-औषधांना हृदयाची सुरक्षितता तपासण्याचा दंडक घातला. कोलेसेव्हलाम एलडीएल आणि साखर दोन्ही उतरवते. पण ते स्वतः हृदयविकाराचे झटके टाळते, असे मोठ्या चाचणीने सिद्ध झालेले नाही. १९६२, १९८४ आणि २००८ यांना जोडणारा धागा हाच आहे : आकडा उतरणे आणि आयुष्य वाढणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि दुसरीचा पुरावा स्वतंत्रपणे मागावा लागतो.

१८/
भारताच्या दृष्टीने यात एक मेख आहे. भारतीय मधुमेहींमध्ये ट्रायग्लिसराइड वाढलेले आणि हितकर एचडीएल घटलेले, असे चित्र वारंवार दिसते. आणि राळेची औषधे ट्रायग्लिसराइड वाढवू शकतात. म्हणजे एका देशातील रुग्णांसाठी सोयीचे औषध दुसरीकडे तसेच सोयीचे ठरेल असे नाही. २०१३ मध्ये अहमदाबादच्या झायडस कंपनीचे सारोग्लिटाझार भारतात मान्य झाले, ते मधुमेहातील नेमक्या याच मेदविकारासाठी. तोच जुना प्रश्न त्यालाही विचारावा लागतो.

१९/
म्हणून औषधाच्या चिठ्ठीवर नवे नाव दिसले की डॉक्टरांना तीन गोष्टी निःसंकोच विचाराव्यात. हे कोणता आकडा उतरवते? तो उतरल्याने झटका किंवा मृत्यू टळतो, हे दाखवले गेले आहे का? आणि माझ्या इतर औषधांशी, माझ्या इतर आजारांशी याचे जमते का? हे प्रश्न अविश्वासाचे नव्हेत. १९६२ च्या कायद्याने औषधकंपन्यांना जे विचारले, तेच रुग्ण आपल्यापुरते विचारतो. औषध मात्र मनाने सुरूही करू नये आणि मनाने बंदही करू नये.

(थ्रेड समाप्त)